नकाशातून पुसलेली खोली

"बुवा, भिंत गेली कुठं?"

"कुठली रं?"

"तुमच्या खोलीची."

"ही काय. पाठ टेकलीय न्हवं मी तिला."

"तिथली नाही हो, बुवा. इथली."

हेमंत उमराणीकरांनी मांडीवरचा लॅपटॉप बुवांकडे वळवला. बुवांनी चष्मा शोधला. तो कपाळावरच होता. तो डोळ्यांवर ओढून त्यांनी बराच वेळ त्या उजेडाकडे बघितलं.

"न्हाई दिसत," ते म्हणाले.

"तेच तर विचारतोय. गेली कुठं?"

"मला काय म्हाईत? माझी हाय ती हितंच हाय."

मी जवळच जोत्यावर घेवडा निवडत बसलो होतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी रोज सकाळी ह्या नदीकाठच्या मठात येतो आणि स्वयंपाकघराला मदत करतो. त्यामुळं मठातलं बोलणं मला मुद्दाम ऐकावं लागत नाही, ते कानावर पडतंच. त्या दिवशी मात्र मी कान देऊन ऐकलं, कारण उमराणीकरांचा आवाज कापत होता. हा माणूस कधी गडबडलेला मी पाहिला नव्हता.

उमराणीकर मिरजेचे आर्किटेक्ट. ह्याच गिरीबुवांचा अनुग्रह घेतलेले. माणूस हुशार, आणि आपण हुशार आहोत हे स्वतः कधी विसरायचे नाहीत, दुसऱ्यालाही विसरू द्यायचे नाहीत. मठाच्या नव्या भोजनशाळेचा नकाशा त्यांनीच काढलेला. फुकट काढला, हेही सांगून झालेलं.

"काय केलंस तू?" बुवांनी विचारलं.

"मी काही केलेलं नाही. हे नवं सॉफ्टवेअर आहे, त्यानं घोळ घातला."

"जुनं काय वाईट होतं?"

"जुनं?" उमराणीकर कळवळून म्हणाले. "जुनं माझ्या बोटांत होतं, बुवा! जुन्यात लेअर असायचे. भिंतींचा एक, दारांचा एक, झाडांचा एक. ट्रेसिंग पेपर एकावर एक ठेवावेत तसे. प्रत्येकाच्या नावापुढं एक बल्ब. विझवला की तेवढं दिसेनासं होणार, लावला की परत हजर. मिरजेतली निम्मी पोरं माझी फाइल बघून लेअर लावायला शिकली. आणि आता पुण्याचे स्ट्रक्चरचे इंजिनिअर म्हणतात, नव्यात दिलंत तरच घेऊ. नव्यात लेअरच नाहीत!"

"मग काय हाय?"

"काय आहे तेच कळत नाही. भिंत काढली की त्याला कळतं ही भिंत आहे. खिडकी काढली की त्याला कळतं ही खिडकी आहे. सगळी इमारत एकच. वरून बघितली की प्लॅन, समोरून बघितली की दर्शनी चित्र. जुन्यात प्रत्येक चित्र वेगळं काढायचं. एकात खाडाखोड केली तरी दुसऱ्याला धक्का लागत नसे."

"बरं."

"काय बरं? मला तर वेड लागायची पाळी आलीय."

पाठीमागच्या भिंतीला पाठ घासून बुवांनी खाज तेवढी घालवली.

...

"माझी खोली त्यात होती का आधी?" बुवांनी थोड्या वेळानं विचारलं.

"होती. पहिल्यांदा मी सगळा मठ मोजून त्यात घातला होता. पण रस्त्याच्या बाजूनं चित्र काढलं तर नव्या भोजनशाळेच्या कमानींसमोर नेमकी तुमची खोली येत होती. दगडी कमानी, बुवा! आयुष्यात एवढ्या सुंदर कमानी मी काढल्या नाहीत. आणि त्यांच्यासमोर ही... ही पत्र्याची..."

"म्हण की. पत्र्याचीच हाय."

"म्हणून तेवढ्या चित्रापुरती ती बाजूला केली. विश्वस्तांना दाखवायचं होतं ना. बल्ब शोधला, बल्ब मिळेना. मग केली बाजूला."

"कशी?"

"कशी म्हणजे... केली."

कशी, ते त्यांनी सांगितलं नाही. मी घेवड्याची शीर ओढत राहिलो.

"आणि मग ती सगळीकडूनच गेली," ते म्हणाले. "समोरून गेली, वरून गेली, सगळ्या कागदांवरून गेली. मी बघितलंच नाही. तसाच नकाशांचा सेट छापला. विश्वस्तांनी चित्र बघितलं, खूश झाले. अध्यक्ष बिरनाळे तर म्हणाले, हे चित्र मोठं करून मठाच्या दारात लावू. तोच सेट गुलाबभाईंकडे गेला."

गुलाब मुजावर म्हणजे बांधकामाचे ठेकेदार. सकाळी ते माणसं घेऊन आले होते आणि नकाशाप्रमाणं चुन्याची फक्की टाकून गेले होते. पांढरी रेघ आंब्याच्या बुंध्यापासून निघाली, सरळ बुवांच्या खोलीच्या दारात गेली, उंबऱ्यावर चढली, आतून गेली आणि मागच्या बाजूनं बाहेर पडली. हे माझ्या डोळ्यांदेखत झालं. फक्की टाकणारा गडी दारात घुटमळला. बुवा आत खाटेवर पाय खाली सोडून बसले होते.

मुजावरांनी विचारलं होतं, "बुवा, ही खोली जाणार हाय काय?"

"कागदावर काय हाय?"

"कागदावर खोलीच न्हाई."

"मग न्हाई."

आणि बुवांनी पाय वर घेतले. गड्यानं खाटेखालून फक्की टाकली. मुजावरांना वाटलं बुवांची संमती आहे. विश्वस्तांना वाटलं होतं नकाशा बुवांनी बघितला असणार. ज्याला त्याला दुसऱ्याचं असं काहीतरी वाटत होतं आणि दुपारी जेसीबी येणार होता. मला काय वाटत होतं? मला राग येत होता. तीस-बत्तीस वर्षं ज्या खोलीत माणूस राहिला ती अशी खाटेखालच्या रेघेवर जाते आणि कुणी आवाजही करत नाही, म्हणजे काय! पण बुवाच पाय वर घेतात तिथं मी काय बोलणार. मी घेवडा पुढ्यात ओढला.

उमराणीकरांना हे सगळं कळलं ते दहाच्या सुमाराला, मुजावरांनी फक्कीचा फोटो पाठवला तेव्हा. तसे ते मिरजेहून धावत आले होते. आणि आल्यापासून लॅपटॉप उघडून बसले होते.

"मी परत काढली," ते बुवांना म्हणाले. "आत्ता इथं बसून काढली. चारी भिंती, दार, पत्रे. दिसतच नाही! काढतो आणि नाहीशी होते. परत काढली. परत नाहीशी. चार-पाच वेळा झालं. हे बघा... ही काढली... ही गेली. दिसलं?"

"न दिसलेलं कसं दिसंल रं?"

"चेष्टा नको, बुवा. मला सांगा मी काय करू."

"फोन करून गुलाबला थांबव म्हणायचं."

"करणारच आहे. पण थांबव म्हटलं की तो विचारणार का, मग विश्वस्त विचारणार का. आधी खोली सापडू दे. कागदावर आणू दे. म्हणजे सांगता येईल की तांत्रिक अडचण होती..."

बुवांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. उमराणीकरांनाही कळलं नसावं, कारण ते परत स्क्रीनमध्ये घुसले. कुठंतरी एखादा बल्ब विझला असणार, तो लावला की झालं, असं पुटपुटत ते एकामागून एक खिडक्या उघडत होते आणि बंद करत होते. घामानं सदरा पाठीला चिकटला होता.

...

बारा वाजले. नैवेद्याची वेळ झाली.

बुवा उठले. "हेमंता, चल. पडद्याची दोरी काल तुटलीय. कुणीतरी धराय पायजे."

"बुवा, आत्ता? माझ्या डोक्याला..."

"दोन्ही हातांनी धराय लागंल. लांबरुंद हाय."

आमच्या मठात दत्ताला नैवेद्य दाखवतात तेव्हा गाभाऱ्याच्या दारात पडदा ओढतात. देव जेवतो तेव्हा आपण बघू नये. पडदा जुना, तांबडा, चांगला जाडजूड. उमराणीकरांनी लॅपटॉप माझ्यासमोर घेवड्यात ठेवला आणि गेले. मीही हात धुऊन घंटेपाशी जाऊन उभा राहिलो. सभामंडपात प्रसादाला आलेली बरीच माणसं होती. अध्यक्ष बिरनाळे पुढच्या रांगेत डोळे मिटून हात जोडून उभे होते.

बुवांनी आत ताट ठेवलं, पाणी फिरवलं, बाहेर आले. उमराणीकरांनी दोन्ही हात पसरून पडदा धरला. उंच माणूस, कपडे वाळत घालायला उभा केल्यासारखा दिसत होता.

बुवा शेजारी खाली बसले.

"देव दिसतो का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही."

"गेला?"

"जाईल कुठं? आत आहे."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? पडदा आपल्यासमोर आहे, बुवा. देवासमोर नाही. देव आहे तिथंच आहे."

"असं का..."

बाहेर आंब्यावर कावळा ओरडत होता.

उमराणीकरांनी पडद्याकडे बघितलं. मग वर, जिथं त्यांची बोटं पडद्याच्या काठाला धरून होती, तिथं बघितलं. ओठ हलले. "पडदा आपल्यासमोर..." असं काहीतरी ते स्वतःशीच म्हणाले. "बघणाऱ्यापुढं. त्या-त्या चित्रापुढं... अरे!"

"काय झालं?"

"परवा मी प्लॅनमध्ये काहीतरी बंद केलं होतं. जुनं बांधकाम दाखवू नको म्हणून. फक्त त्या प्लॅनपुरतं. आणि खोली मी जुनं बांधकाम म्हणूनच काढतोय... ती आहे, बुवा! आत्ता काढलेल्या सगळ्या आहेत. पडद्यामागं आहेत. लेअर नाही, काही नाही, ज्या त्या चित्राला आपणच सांगायचं काय दाखव आणि काय झाक!"

आनंदानं त्यांचे हात खाली आले. पडदा सरकला.

"धर नीट," बुवा म्हणाले. "जेवतोय तो."

उमराणीकरांनी हात परत वर केले. चेहऱ्यावर मात्र हसू होतं, आल्यापासून पहिल्यांदा.

"आणि आधीची?" बुवांनी विचारलं.

"कोणती आधीची?"

"पहिली. मोजून काढलेली. चित्रासाठी बाजूला केलीस ती. ती पण पडद्याआडच हाय न्हवं?"

...

हसू गेलं. ते मी बघितलं. घंटेची दोरी माझ्या हातात होती आणि ती वाजवायची वेळ अजून झाली नव्हती, म्हणून बघण्यावाचून मला दुसरं काम नव्हतं.

"नाही," उमराणीकर म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "ती पडद्याआड नाही."

"मग?"

"ती मी पुसली."

बुवांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"झाकायची कशी ते येत नव्हतं. कुणाला विचारायची लाज वाटली. म्हणून पुसली, बुवा. एका चित्रात पुसली तर बाकीच्यांत राहील असं वाटलं. पण मशीननं नाही काही केलं. मीच."

आणि तेवढ्यात त्यांच्या सदऱ्याच्या खिशातला फोन वाजला.

शांत सभामंडपात तो असा वाजला की बिरनाळ्यांनीही डोळे उघडले. उमराणीकरांचे दोन्ही हात पडद्याला. पडदा सोडावा तर देवाचं जेवण उघडं पडणार. न सोडावा तर फोन कोण घेणार? ते एकदा खिशाकडे आणि एकदा बुवांकडे बघू लागले. कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला होता, तोही पुसता येईना.

बुवा उठले. त्यांनी उमराणीकरांच्या खिशातून फोन काढला, लांब धरला आणि विचारलं, "कुठं दाबू?"

"हिरव्यावर... वर सरकवा... बुवा, नंतर करू या ना..."

बुवांनी सरकवलं आणि फोन त्यांच्या कानाला लावून धरला. पण सरकवताना बोट आणखी कुठंतरी लागलं असावं, कारण मुजावरांचा आवाज सगळ्या मंडपात घुमला.

"साहेब, जेसीबी नाक्यावर आलाय. बुवांचं सामान काढलंय का? मंजी आधी खोलीच घेतो."

मंडपातल्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं.

उमराणीकर पडद्याकडे तोंड करून उभे होते. डोळे ओले झाले होते.

"गुलाबभाई, मशीन नाक्यावरच थांबवा."

"का हो साहेब?"

"खोली आहे."

"कुठं? कागदावर न्हाई की."

"कागदावर नाही, कारण मी पुसली. चित्रात नीट दिसेना म्हणून पुसली. बुवांना विचारलं नाही, विश्वस्तांना सांगितलं नाही. चूक माझी आहे. मी नवा कागद देतो. तोवर एक घाव घालायचा नाही."

"बरं साहेब," मुजावर म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "सकाळपासनं माझ्या जिवाला काय बरं वाटत नव्हतंच."

बुवांनी फोन परत खिशात टाकला. मग मला खूण केली. मी घंटा वाजवली. उमराणीकरांनी पडदा सोडला आणि दत्त होता तिथंच होता.

...

जेवणं झाल्यावर जोत्यावर गर्दी झाली. उमराणीकर मधोमध बसले होते, लॅपटॉपमधून घेवड्याच्या शिरा झटकत. बिरनाळे जरा घुश्शात होते.

"बुवांची खोली जातीय हे मला कुणी बोललं न्हाई," ते म्हणाले. "चित्र बघितलं तवा इतकं छान वाटलं, की खोली न्हाई हे ध्यानातच आलं न्हाई."

रोज त्या खोलीच्या दारात चप्पल काढणारा माणूस! पण मी काही बोललो नाही, कारण चित्र मीही बघितलं होतं आणि माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

उमराणीकरांनी प्लॅन उघडला. कुठंतरी जाऊन, झाकलेलं दाखव असं सांगितलं. आणि खोली आली. एक नाही, एकावर एक चढलेल्या चार-पाच आल्या, जाड काळी रेघ होऊन. मशीननं वर सूचनाही दिली की एकाच जागी एकच वस्तू पुन्हापुन्हा ठेवलेली आहे. लोक हसले. उमराणीकरही कसनुसे हसले. एक ठेवून बाकीच्या त्यांनी काढून टाकल्या. काढताना दर वेळी बोट थांबत होतं, हीच खरी तर नव्हे ना, असं.

मग त्यांनी रस्त्याच्या बाजूचं चित्र उघडलं.

त्या देखण्या कमानींसमोर बुवांची खोली उभी होती. पत्र्याची. ठेंगणी. मधल्या दोन कमानी तिनं पार झाकल्या होत्या. उमराणीकरांनी चित्राकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. आपलं मूल आजारी बघावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"दिसली, बुवा," ते म्हणाले.

बुवांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. "कमानी झाकल्या की."

"झाकू देत. भोजनशाळा मागं सरकवतो. मागं जागा कमी आहे, दोन कमानी कमी कराव्या लागतील. करतो."

बिरनाळे खाकरले. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. "करा," ते म्हणाले. "बुवांची खोली हाय तिथंच ऱ्हाईल. चित्र नवं लावू. खोलीसकट."

मला इतकं बरं वाटलं, की मी उठून सगळ्यांसाठी चहाचं आधण ठेवायला निघालो. उमराणीकर वाकून बुवांच्या पाया पडले. ते उठेनात. खांदे हलत होते.

"ऊठ, हेमंता," बुवा म्हणाले. "समद्यांना दिसली का?"

"दिसली," बिरनाळे म्हणाले.

"गुलाबला?"

मुजावर मागं येऊन उभे होते. "दिसली की, बुवा."

"तुला रं?"

"दिसली," उमराणीकर डोळे पुसत म्हणाले.

बुवांनी भिंतीला टेकलेली पाठ सोडवली. हळूहळू उठले, खोलीत गेले. आत काहीतरी ओढल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा खांद्यावर घोंगडी होती आणि काखेत अंथरुणाची वळकटी. ते फक्कीची रेघ ओलांडून आंब्याखाली गेले आणि वळकटी तिथं टाकली.

"बुवा, हे काय?" उमराणीकर धावले. "खोली राहणार आहे! आत्ता ठरलं ना!"

"कमानी चांगल्या हाईत. मागं घेऊ नगंस."

"मग... म्हणजे? सकाळी फक्की टाकली तेव्हा तुम्ही पाय वर घेतलेत, एक शब्द बोलला नाहीत. मी आलो तर फोन कर म्हणालात. मंडपात मला सगळ्यांसमोर बोलायला लावलंत. आणि आता खोली राहतेय तर तुम्ही... पाडायचीच होती तर सकाळी काय बिघडलं होतं, बुवा?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू मला माहीत असावं. मी हातातलं पातेलं बघत राहिलो. बिरनाळ्यांनी मुजावरांकडे बघितलं. मुजावरांनी नाक्याच्या दिशेला, जिथं मशीन थांबलं होतं.

बुवा वळकटीवर बसले. पाठ आंब्याला टेकली.

"सकाळी खोली होतीच कुठं?" ते म्हणाले. "नसलेली कशी देऊ? आता हाय. आता पाडा."